‘समुद्रातला निःस्वार्थ डॉक्टर’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

गेले काही महिने एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वाटांनी आला. आधी शाळेच्या वर्गमित्रांकडून, मग सोसायटीच्या गटातून आणि शेवटी मावशीकडून. तिने खाली लिहिलं होतं, ‘तुझ्या आवडीचा विषय, खरं आहे का रे हे?’ मावशीला फोनवर अर्धंमुर्धं उत्तर दिलं. पूर्ण उत्तर इथे लिहितो.

मजकूर थोडक्यात असा: ‘समुद्रात एक डॉक्टर राहतो. बोटाएवढा, सडपातळ, निळा मासा. शार्कसुद्धा त्याच्यापुढे तोंड उघडून उभा राहतो आणि हा आत शिरून दात साफ करतो. बदल्यात काही घेत नाही, फक्त रोगजंतू आणि घाण खातो. म्हणून कोणताही मासा त्याला कधीच खात नाही. तो जन्मभर एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहतो. शास्त्रज्ञांनी आरसा दाखवून सिद्ध केलंय की त्याला माणसासारखी आत्मजाणीव आहे. मॉलमध्ये आपण पाय बुडवतो ते मासे हेच. घरच्या टाकीत एक सोडा, बाकीचे मासे कधी आजारी पडणार नाहीत. निःस्वार्थ सेवा या माशाकडून शिका.’

हा मासा खरा आहे. इंग्रजीत त्याला क्लीनर रास म्हणतात, शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. आपल्या मासळीबाजारात तो येत नाही, त्यामुळे कोळणीच्या तोंडी त्याचं नाव नाही. मी त्याला ‘सफाई मासा’ म्हणेन. लांबी जास्तीत जास्त १४ सेंटिमीटर, बहुधा १० च्या आतबाहेर. नाकापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, मागे जाताना रुंद होत गेलेला, आणि त्याच्या वर-खाली चमकदार निळा रंग. पिल्लं जवळजवळ पूर्ण काळी असतात, पाठीवर फक्त एक निळी रेघ. तांबड्या समुद्रापासून आणि पूर्व आफ्रिकेपासून थेट फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत, जिथे उथळ पाण्यात प्रवाळ आहे तिथे तो भेटतो. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात इथेही आहे. साधारण ४० मीटरपेक्षा खोल जात नाही. दिवसा काम करतो, रात्री प्रवाळाच्या फटीत झोपतो.

शार्कची गोष्ट बरोबर आहे, आणि ते आधीच कबूल केलेलं बरं. फिलिपाइन्समधल्या मालापास्कुआ बेटाजवळ मोनाड शोल नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे. तिथे लांब शेपटीचे थ्रेशर शार्क खोल पाण्यातून वर येऊन, वेग कमी करून घिरट्या घालताना आणि हा बोटभर मासा त्यांच्या कल्ल्यांपाशी, शेपटीपाशी काम करताना दिसलेला आहे. पाणबुड्यांनी आणि संशोधकांनी त्याचं चित्रीकरण केलेलं आहे. हेकरू या मोठ्या शिकारी माशाच्या उघड्या जबड्यात शिरणारा सफाई मासा तर प्रवाळावर पोहणाऱ्या कुणालाही दिसू शकतो. वाम तोंड वासून पडलेली आणि तिच्या दातांमधून हा ये-जा करतोय, हे मी अंदमानात स्वतः पाहिलं आहे. त्या दिवशी हवा संपत आली तरी वर यायला मन होत नव्हतं.

पण पुढचं वाक्य आलं की मजकूर घसरतो.

‘बदल्यात काही घेत नाही.’ घेतो. दिवसभराचं सगळं जेवण तिथूनच घेतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लिझर्ड आयलंड नावाचं बेट आहे. तिथे क्वीन्सलँड विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजदाद केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार एक सफाई मासा दिवसाला सरासरी १,२१८ परजीवी खातो आणि दोन हजारांहून जास्त वेळा कुणा ना कुणा माशाचं अंग तपासतो. ओपीडीत इतकी गर्दी असलेला डॉक्टर मी पाहिलेला नाही, पण हा डॉक्टर रोग्याच्या अंगावरच जेवतो आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि ‘रोगजंतू’ हा शब्दही चुकला. जिवाणू, विषाणू, बुरशी यांच्याशी या माशाचा काही संबंध नाही. त्याचं मुख्य अन्न म्हणजे नॅथिड नावाच्या, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातल्या बारीक जिवांची पिल्लं. ही पिल्लं माशाला चिकटतात, रक्त पितात आणि पोट भरलं की गळून तळाशी जातात. गुरांना गोचीड तशी माशांना ही. त्यांचा उपद्रव रात्री जास्त असतो. काही जातींचे पोपट मासे झोपताना अंगाभोवती बुळबुळीत पारदर्शक कोष विणतात. तो कोष हलकेच काढून घेतला तर नॅथिड कितीतरी जास्त प्रमाणात चावतात, असं ग्रटर यांच्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं. त्यांनी त्या कोषाला समुद्रातली मच्छरदाणी म्हटलं, आणि कोकणात वाढलेल्या माणसाला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

सफाईचा उपयोग होतो का? होतो, आणि भरपूर. १९९९ मध्ये ग्रटर यांनी पिंजऱ्यात ठेवलेल्या माशांवर प्रयोग केला. सफाई मासा असलेल्या भागातल्या माशांवर १२ तासांत साडेचार पटींनी कमी परजीवी उरले. म्हणजे काम खरं आहे, फायदा खरा आहे. खोटा आहे तो निःस्वार्थपणा.

आता या मजकुराने सगळ्यात जास्त ज्याच्यावर अन्याय केला आहे त्या मुद्द्याकडे येतो. ‘फक्त घाण खातो’ असं म्हणताना लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच नाही: या माशाला स्वतःला काय आवडतं? ग्रटर आणि स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाचे रेदुआन ब्शारी यांनी २००३ मध्ये त्यालाच ते विचारलं. परजीवी आणि पोपट माशाच्या अंगावरची बुळबुळ, दोन्ही समोर ठेवलं. माशाने बुळबुळ निवडली. ज्या गिऱ्हाइकाच्या अंगावरची गोचीड काढायची, त्याच्या अंगाचाच लचका त्याला जास्त गोड लागतो. माशाला ही बुळबुळ फुकट मिळत नाही. तिच्यामुळे अंगाचं रक्षण होतं आणि ती बनवायला ताकद लागते. म्हणून सफाई माशाने परजीवी सोडून बुळबुळ ओरबाडली की ते फसवणं झालं.

आणि तो फसवतो. पाण्यात शांत राहून बघितलं तर लगेच कळतं. स्वस्थ उभा असलेला मासा एकदम दचकतो, अंगातून झटका गेल्यासारखा. तो झटका म्हणजे सफाई माशाने घेतलेला चावा.

मग सगळेच का नाही फसवत? हा सगळा विषय मला प्रिय आहे तो याच प्रश्नामुळे. ब्शारी यांनी इजिप्तच्या रास मोहम्मद किनाऱ्यावर आणि नंतर लिझर्ड आयलंडवर वर्षानुवर्षं पाण्यात घालवली. त्यांना दिसलं ते असं: गिऱ्हाइकं दोन प्रकारची. काही मासे आपला छोटासा भाग सोडून कुठे जात नाहीत, त्यांच्या आवाक्यात एकच सफाई मासा असतो, गावात एकच न्हावी असावा तसा. काही मोठ्या परिसरात फिरतात आणि त्यांना दोन-तीन सफाई ठिकाणं ठाऊक असतात. फिरत्या माशाला चावलं तर तो निघून जातो आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. घरकोंबड्या माशाला जायला जागाच नाही, म्हणून तो सफाई माशाच्या मागे लागतो, त्याला पळवतो. त्यानंतर त्या माशाला थोडी बरी सेवा मिळते. सफाई मासा हे ओळखतो. दोघं एकदम आले तर फिरत्याला आधी घेतो, घरच्याला ताटकळत ठेवतो. हेकरूसारख्या शिकाऱ्याला तो जवळजवळ चावतच नाही. उलट त्याच्या पाठीवर पोटाकडच्या परांनी हलकेच थोपटत राहतो. त्या स्पर्शाने माशाचा ताण खरोखर कमी होतो. २०११ मध्ये सर्जन माशांवर कृत्रिम, हलणारा सफाई मासा वापरून त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक घटल्याचं दाखवलं गेलं.

याहून पुढची गोष्ट अशी की वाट पाहणारी गिऱ्हाइकं बघत असतात. आधीच्याचं काम नीट चाललेलं दिसलं तर पुढचा मासा जवळ येतो, चावा घेताना दिसलं तर वळून जातो. आणि सफाई मासाही बघणारं कुणी असेल तर जास्त सचोटीने वागतो. हे २००६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं.

प्रयोगशाळेतली पद्धतही सांगायलाच हवी, कारण ती फार साधी आहे. माशाच्या जागी प्लास्टिकची एक पाटी, तिच्यावर कोळंबीचे तुकडे आणि माशांच्या खाद्याची साधी पापडी. सफाई माशाला कोळंबी जास्त आवडते. नियम असा की पापडी खाल्ली तर पाटी तिथेच राहणार, कोळंबीला तोंड लावलं की पाटी बाहेर ओढली जाणार. म्हणजे कोळंबी ही बुळबुळ आणि पापडी हे परजीवी. मासे शिकतात. आवडता घास शेवटी ठेवून नावडता आधी खातात. आणखी एक प्रयोग: दोन पाट्या एकदम आत सोडायच्या, त्यातली एक अशी की तिला आधी शिवलं नाही तर ती काढून घेतली जाते. म्हणजे दोन्हीचं खाणं मिळवायचं तर निघून जाणाऱ्या पाटीपासून सुरुवात करायची. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत प्रौढ सफाई माशांनी हे कॅपुचिन माकडं, ओरांगउटान आणि चिंपांझी यांच्यापेक्षा चांगलं जमवलं. माशांच्या पिल्लांना मात्र जमलं नाही. माकडापेक्षा मासा हुशार, असा अर्थ मी यातून काढणार नाही. रोज दोन हजार वेळा हाच पेच ज्याच्यासमोर येतो त्याला तो सुटतो, एवढंच त्यातून दिसतं. मजकूर लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने ‘सेवा’ हा शब्द वापरला असता असं वाटत नाही. इथे गिऱ्हाईक आहे, दुकानदार आहे, बाजारपेठ आहे, आणि पेठेतली पत आहे.

‘कोणताही मासा त्याला कधीच खात नाही.’ कधीच, हे खरं नाही. शिकारी माशाने सफाई मासा गिळल्याच्या नोंदी फार थोड्या आहेत, पण त्या आहेत. एकाच हेकरूच्या तोंडात रोज शिरून जिवंत बाहेर येणारा मासा पाहिला की कुणालाही श्रद्धा वाटेल, ते मी समजू शकतो. तरी या अभयाचं कारण हेकरूची कृतज्ञता नाही. बोटभर माशाचा एक घास, की रोज गोचीड काढणारा शेजारी, यात दुसरं जास्त कामाचं. त्यात या माशाचा निळा रंग आणि लांबट पट्टा दुरूनही ओळखता येतो, आणि पाणी तोलत, शेपूट वर-खाली करत तो जी नाचरी चाल चालतो ती इतर माशांना ओळखीची असते. अंड्यातून निघालेली त्याची पिल्लं मात्र प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात वाहत असतात. तिथे त्यांना कसलंही अभय नसतं, इतर हजारो माशांच्या पिल्लांसारखीच ती खाल्ली जातात.

या ओळखीचाच फायदा घेणारा एक तोतया आहे, आणि तो इथे आलाच पाहिजे. कारण मावशीने पाठवलेल्या मजकुरासोबत जो फोटो होता, त्यातला मासा बहुधा तोच होता. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्यापर्यंत आला होता, त्याची आठवण व्हावी इतकं सोंग बेमालूम. ॲस्पिडोंटस टीनिएटस हा ब्लेनी कुळातला मासा. रास कुळाशी याचं काही नातं नाही. तरी रंग तोच, पट्टा तोच, आकार तोच, चालसुद्धा तीच. गिऱ्हाईक विश्वासाने उभं राहिलं की हा कधीकधी त्याच्या परांचा तुकडा तोडतो. कधीकधी म्हणतो, कारण त्याचं नेहमीचं खाणं म्हणजे तळाशी चिकटवलेली माशांची अंडी आणि नळीत राहणाऱ्या कृमींचे तंतू. ओळखायची खूण तोंड. खऱ्या सफाई माशाचं तोंड थेट पुढे, चिमट्यासारखं. तोतयाचं तोंड नाकाच्या खाली दडलेलं. फोटो मोठा करून बघा.

‘जन्मभर एकाच जोडीदाराशी.’ हे वाचून मी मावशीला लगेच फोन केला होता, कारण याच्याइतकं उलटं काही असू शकत नाही. एक नर आणि त्याच्या हद्दीत अनेक माद्या, असा या माशाचा संसार. मोठी मादी लहान मादीवर वरचढ, सगळ्यांवर नर. नर मेला की काय होतं ते डी. आर. रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या हेरॉन आयलंडवर पाहून १९७२ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं. सगळ्यात मोठी मादी दोन-एक तासांतच नरासारखी वागू लागते, बाकीच्यांवर हुकूम चालवते, आणि १४ ते १८ दिवसांत तिच्या शरीरात शुक्रजंतू तयार झालेले असतात. या माशांत प्रत्येक नर आधी मादी असतो. जपानी संशोधकांनी तर उलटी वाटही नोंदवली. दोन नर एकत्र आले की लहान असलेला पुन्हा मादी होऊ शकतो. अंडी आणि शुक्र पाण्यात सोडले की आईबापांचं काम संपतं, पिल्लं कुणी सांभाळत नाही.

जोडीने काम करणारे सफाई मासे दिसतात हे खरं, आणि मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा तेच पाहिलं असावं. नर आणि एखादी मोठी मादी एकाच गिऱ्हाइकावर काम करतात. तिने चावा घेतला की गिऱ्हाईक दोघांच्याही हातून जातं, म्हणून नर तिच्यामागे धावतो, तिला पळवतो. निकोला रायहानी, ग्रटर आणि ब्शारी यांनी २०१० मध्ये पाट्यांच्या प्रयोगात हे दाखवलं. त्या पाठलागानंतर मादी कोळंबीला कमी तोंड लावते. जोडीकडून मिळणारी सेवा एकट्या माशापेक्षा चांगली असते, तेही याच धाकामुळे. आणि नर सगळ्यांत कडक वागतो ते आकाराने आपल्या जवळ पोचलेल्या मादीशी. उद्या ती नर होऊन समोर उभी राहू शकते. यात एकनिष्ठा शोधायची असेल तर फार शोधावी लागेल.

आरशाचा मुद्दा जास्त नाजूक आहे, कारण तो पूर्ण खोटा नाही. ओसाका सिटी विद्यापीठाचे मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलपने १९७० मध्ये चिंपांझींसाठी काढलेली कसोटी त्यांनी या माशावर लावली. मासे आधी आरशातल्या माशाशी भांडले. काही दिवसांनी भांडण थांबलं आणि ते आरशासमोर विचित्र वागू लागले, उलटे होऊन पोहणं वगैरे. मग त्यांना भूल देऊन गळ्याखाली, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी, तपकिरी ठिपका टोचला. चारपैकी तिघांनी आरशात बघून नंतर गळा तळाच्या वाळूवर किंवा दगडावर घासला. रंग नसलेला ठिपका टोचला तेव्हा घासला नाही. आरसा नसताना घासला नाही. २०२२ मध्ये जास्त माशांवर तोच प्रयोग झाला आणि एकूण १८ पैकी १७ उत्तीर्ण झाले. पण एक अट दिसली. ठिपका तपकिरी, म्हणजे परजीवीसारखा दिसणारा हवा. निळा किंवा हिरवा ठिपका त्यांनी ढुंकूनही पाहिला नाही. मला यातली हीच बारीक गोष्ट सगळ्यात पटते. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगावर तपकिरी ठिपके शोधणारा मासा स्वतःच्या अंगावरही तेच शोधतो.

याला ‘सिद्ध झालं’ म्हणता येत नाही. खुद्द गॅलपला ते मान्य नाही. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द व्हाल यांचं म्हणणं असं होतं की स्वतःची ओळख ही असते किंवा नसते अशी दोन टोकांची गोष्ट नाही, तिच्या पायऱ्या असतात. आणि प्रयोग करणाऱ्यांनीच निबंधाच्या शीर्षकात प्रश्न ठेवला: मासा ही कसोटी पार करत असेल तर प्राण्यांच्या आत्मजाणिवेविषयी काय समजायचं? शंका माशाविषयी घ्यायची की कसोटीविषयी, हे त्यांनी उघडं ठेवलं. ‘माणसासारखी’ हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःच्या पदरचा घातला.

मॉलचा मुद्दा चटकन संपवतो. पाय बुडवतात त्या टाकीतला मासा वेगळाच, गॅरा रूफा. तो गोड्या पाण्यातला, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराणच्या नद्यांतला. प्रवाळाशी आणि खाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. सफाई मासा त्या टाकीत जगणारच नाही. मृत त्वचा कुरतडणारा हा गॅराही भुकेपोटी ते करतो, आणि एकाच पाण्यात अनेकांचे पाय बुडत असल्यामुळे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी ही सेवा बंद केली आहे. गॅराचे भाऊबंद बघायचे तर मॉल कशाला, आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत मळ्या आहे. कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतले मासे अभ्यासून १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याचं शास्त्रीय नाव आज गॅरा मुल्या असं आहे. त्याच १८३९ सालात फ्रान्सच्या व्हॅलेन्सिएनने समुद्रातल्या सफाई माशाचं वर्णन छापलं. दोन माशांत साम्य शोधायचंच तर एवढं आहे.

राहिला टाकीचा सल्ला. बाकी सगळ्या चुका मी सोडून दिल्या असत्या. दात, निष्ठा, आरसा, यांनी कुणाचं नुकसान होत नाही. पण ‘घरच्या टाकीत एक सोडा’ हे वाचून कुणीतरी उद्या दुकानात जाईल.

मी गेलो होतो, वीस-एक वर्षांपूर्वी. दुकानदाराने हेच सांगितलं होतं, हा टाकीचा डॉक्टर, घेऊन जा. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाच मासे होते. सफाई माशाने पहिल्या दिवशी पाचही जणांना तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवसापासून बाकीचे मासे त्याला चुकवू लागले, कारण काढायला परजीवी उरलेच नव्हते आणि तो बुळबुळ ओरबाडत होता. दिलेलं खाद्य त्याने तोंडात घेतलं आणि थुंकलं. पोट आत गेलं, पाठीची कडा वर दिसू लागली. तिसऱ्या आठवड्यात तो मेला. आता आकडे माहीत असल्यावर कारण उघड दिसतं. ज्याला दिवसाला दोन हजार भेटी आणि बाराशे घास लागतात त्याला मी पाच मासे दिले होते. काही जण गोठवलेल्या खाद्यावर तग धरतात, पण बरेचसे धरत नाहीत.

आणि ज्यासाठी लोक त्याला आणतात तो खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग? त्याचा परजीवी कातडीच्या आत शिरून बसतो. सफाई माशाच्या चिमट्याला तो लागत नाही. रोगी मासा वेगळ्या टाकीत काढून उपचार करावे लागतात, त्याला पर्याय नाही. टाकीत सफाई करणारं काही हवंच असेल तर सफाई कोळंबी ठेवा, ती साधं खाद्य खुशीने खाते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ मध्ये शोभेच्या सागरी जिवांच्या व्यापाराचा अहवाल काढला. १९९७ ते २००२ या काळात ८७ हजारांहून अधिक जिवंत सफाई मासे विकले गेल्याची नोंद त्यात आहे, आणि त्याच अहवालात हा मासा टाकीत नीट रुळत नाही असंही म्हटलं आहे. हे मासे प्रवाळावरून पकडून आणलेले असतात.

तिथून तो गेला की मागे काय राहतं, हेही मोजलेलं आहे. लिझर्ड आयलंडभोवती छोटे सुटे प्रवाळखडक आहेत. त्यातल्या काहींवरून २००० सालापासून सफाई मासे सतत काढून टाकले गेले, काहींवर तसेच ठेवले. साडेआठ वर्षांनंतर, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा: सफाई मासा नसलेल्या खडकांवर तिथे राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी कमी आणि त्यांच्या जाती २३ टक्क्यांनी कमी. एका खडकावर सफाई मासे किती, तर एखाद-दोन. तेवढे गेले आणि शेजार ओसाडला.

आता त्यांना दुकानाखेरीज दुसरीकडूनही धोका आहे. लिझर्ड आयलंडवर २०१४ आणि २०१५ मध्ये लागोपाठ चक्रीवादळं झाली, मग २०१६ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं. त्यानंतर झालेल्या मोजणीत सफाई माशांची संख्या ८० टक्क्यांनी घसरलेली होती. जे उरले होते त्यांना पाट्यांचा तो प्रयोग, फिरतं गिऱ्हाईक आधी घेण्याचा, पूर्वीसारखा जमेना. गर्दीच उरली नाही तर गर्दी सांभाळण्याचं कसब कुठून येणार. लक्षद्वीपचं प्रवाळही १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असंच पांढरं पडलेलं आहे.

मावशी, तुझ्या प्रश्नाचं शेवटचं उत्तर. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही अंदमानला जाणार आहात ना? पोहायला जाल तेव्हा किनाऱ्याजवळचा एखादा उठून दिसणारा प्रवाळाचा गड्डा गाठा, जिथे दोन-तीन मोठे मासे डोकं वर किंवा शेपूट वर करून, पर पसरून, काहीच न करता उभे असतील. तिथे हात-पाय न हलवता तरंगत राहा. पाच-दहा मिनिटांत निळा पट्टा दिसेल. मग उभ्या असलेल्या माशांकडे बघा आणि कुणी दचकतंय का ते मोजा. फार स्थिर राहिलात तर तो तुमच्याही बोटांपाशी येऊन, नखाशी क्षणभर थांबून, काही मिळालं नाही म्हणून परत जाईल.